दाताच्या मुळाच्या किडीतला मसाला किती टिकतो? बोरीकाठच्या एका आजींचं प्रकरण

रुग्ण: बाई, वय ७१, शेतकरी कुटुंब, गाव अमळनेरच्या पुढं बोरी नदीच्या काठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तक्रार अशी की खालच्या डाव्या बाजूच्या दोन दातांत दीडएक वर्षापूर्वी मसाला भरला होता. एकातला पूर्ण निघून गेला, दुसऱ्यातला अर्धा उरलाय आणि तिथं अन्न अडकतं. निघून गेलेला त्याआधीही एकदा निघाला होता.

बरोबर आलेला मुलगा वैतागलेला होता. त्याचा प्रश्न तयारच होता: "डॉक्टर, आधी हे सांगा, मसाला टिकतो किती? दोन वर्षंही टिकणार नसेल तर माय म्हणते उपटूनच टाका." त्याच्या स्वतःच्या दाढेत कॉलेजात असताना भरलेली चांदी अजून शाबूत आहे. म्हणून आईच्या दातात कुणीतरी हलका माल भरला, अशी त्याची खात्री होती. असा हिशोब करणारा तो काही पहिला नव्हे. दाढेच्या माथ्यावरच्या खळीत भरलेली चांदी पंधरा-वीस वर्षं सहज निघते, हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. पण आजींची कीड माथ्यावर नव्हती, हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळावर होती. तिथं हा हिशोब लागू पडत नाही.

कारण मुळाला इनॅमलचं कवच नसतं. इनॅमलमध्ये वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं. मुळावर असतो सिमेंटमचा अगदी पातळ थर, आणि हिरडीजवळ तर तो मिलीमीटरच्या काही शतांशांइतकाच. चुकीच्या घासण्यानं तो पटकन जातो. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी प्रथिनं आणि पाणी. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जावा लागतो. मुळाचं डेंटिन ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळायला लागतं. म्हणजे ज्या चहानं इनॅमलला फारसं काही होत नाही, तोच चहा मुळाला बाधतो. लाळेचं साधं पीएच सातच्या आसपास असतं, त्यामुळे मुळाच्या बाबतीत हाताशी फरक उरतो तो फारच थोडा.

तपासणी

तोंडात एकोणीस दात. वरचे बहुतेक ठीक. खाली डाव्या बाजूच्या दाढा आधीच काढलेल्या, त्या जागी काढघाल करायची अक्रिलिकची छोटी कवळी. कवळीची तार मागच्या उपदाढेला वळसा घालून बसलेली. मसाला दोनदा निघाला तो याच दाताचा. पुढच्या उपदाढेत अर्धा भराव होता, लाइट मारून कडक करतात तो दाताच्या रंगाचा. वरची कड नीट चिकटलेली, पण हिरडीकडच्या कडेखाली कीड खरवडायचा बारीक चमचा फिरवला की कीड ओल्या खडूसारखी निघत होती. डाव्या सुळ्याच्या मुळावर पिवळसर तपकिरी डाग, तपासायची सुई थोडी रुतेल इतका मऊ. उजव्या बाजूच्या पुढच्या उपदाढेवरही तसाच, पण तिथं खळ पडली होती.

मुळाची कीड बघताना रंगापेक्षा स्पर्शावर भर द्यावा. काळीभोर पण काचेसारखी कठीण आणि चकचकीत जागा म्हणजे बहुधा थांबलेली कीड. ती उगाच उकरून भरायची गरज नसते. फिकट, मऊ, हिरडीला लागून आणि प्लाकच्या, म्हणजे दातावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थराखाली असलेली जागा ही चालू कीड. आजींच्या तोंडात चारही ठिकाणी चालू होती.

तपासताना आरसा गालाला चिकटत होता, तिथूनच मला संशय आला. दहा मिनिटं काही न चावता तोंडात जमेल ती लाळ कपात थुंकायला सांगितली आणि सिरिंजमध्ये ओढून मोजली. एक मिलीलीटरही भरली नाही. निरोगी माणसाची विश्रांतीतली लाळ मिनिटाला साधारण ०.३ मिलीलीटर असते, ०.१ च्या खाली गेली की तोंड वैद्यकीयदृष्ट्या कोरडं समजतात. आजी त्या रेषेच्याही खाली होत्या.

औषधांची चिठ्ठी मुलाच्या खिशात होती. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल (लघवी वाढवणारं औषध), आणि पायांच्या तळव्यांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन. ही शेवटची गोळी लाळ आटवणाऱ्यांत वरच्या रांगेतली. मागच्या महिन्याचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ८.४, म्हणजे साखरही आटोक्यात नव्हती.

दात कशानं घासता, असं विचारल्यावर उत्तर आलं, मिश्री. सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर. तंबाखू तव्यावर भाजून केलेली पूड बोटानं हिरडीवर घासायची. आमच्या भागात वयस्कर बायकांत ही सवय मुरलेली आहे आणि कुणी तिला तंबाखू समजत नाही. हिरडी खाली सरकण्यात तिचा वाटा किती आणि जुन्या हिरडीच्या आजाराचा किती, हे वेगळं करता येत नाही. पण दात कठीण ठेवणारं फ्लोराइड त्या पूडीत नावालाही नसतं, हे नक्की.

इथवर चित्र बरंचसं ठरल्यासारखं होतं. खटकत होतं ते इतकंच की कोरडं तोंड दोन्ही बाजूंना सारखं असायला हवं, मग डावीकडं इतकं जास्त का? कवळीची तार एकाच दाताला कारण ठरते. सुळ्याला आणि पुढच्या उपदाढेला नाही.

उत्तर मुलानं दिलं नाही, सुनेनं दिलं. ती दुसऱ्या खेपेला आली होती. म्हणाली, आईंच्या उशाखाली डबी असते. आजी जरा ओशाळल्या, मग सांगितलं: "काय करू भाऊ, रातले तोंड सुकी जास. मंग खडीसाखरना खडा ठेवस." डाव्या गालात, कारण त्या डाव्या कुशीवर झोपतात. आणि कवळी रात्री काढत नसत. खडा गाल आणि कवळीच्या तारेच्या मध्ये बसायचा, विरघळायला तास-दीड तास लागायचा, पहाटे जाग आली की दुसरा.

मधुमेहाच्या माणसानं रात्रभर खडीसाखर चघळणं किती चांगलं, ते त्यांच्या फिजिशियननं सांगावं. दातांच्या बाजूनं एवढंच बोलतो. झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबते. त्यात आधीच आटलेली. त्या तासांत साखर मुळाला लागून राहिली तर पीएच वर यायला वावच नाही. लाइटवाला मसाला असो की सिमेंट, तिथं काहीच टिकलं नसतं.

आधीच्या भरावांबद्दल

मुलाला वाटत होतं आधीच्या डॉक्टरनं काम खराब केलं. पुढच्या उपदाढेतला उरलेला अर्धा भराव मी भिंगाखाली पाहिला. वरच्या, इनॅमलकडच्या कडेला तो घट्ट होता आणि रंगही बदललेला नव्हता. खराब हाताच्या कामाची ही खूण नव्हे. अडचण होती ती खालच्या कडेला, जिथं इनॅमल नाही, हिरडीतून ओल झिरपते आणि रेझिनची, म्हणजे लाइटवाल्या मसाल्याची, पकड पहिल्या दिवसापासून कमजोर असते. त्यावर रोज रात्रीचं आम्ल. ओलीच्या भिंतीवर कितीही चांगला गिलावा करा, ओल बंद केल्याशिवाय तो सुटतोच. मुलाला हे पटलं असं वाटलं, निदान त्यानं मालाचा विषय पुन्हा काढला नाही.

मागच्या उपदाढेत कवळीच्या तारेचं टोक नेमकं भरावाच्या खालच्या कडेवर येत होतं. घास चावताना कवळी खाली दबली की तार ती कड दाबायची. तिथं भराव दोनदा निघाला यात नवल नाही.

काय भरायचं, काय नाही

चार जागांपैकी तीनच भरायच्या ठरवल्या. डाव्या सुळ्याची कीड उथळ होती, खळ पडलेली नव्हती. अशी जागा ड्रिलनं उघडून भरली की भरावाची एक नवी कड तयार होते, आणि मुळावर कीड परत येते ती कडेपासूनच. न भरता कठीण करता आली तर ते अधिक चांगलं.

त्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो ५००० पीपीएम (दर दहा लाख भागांत ५०००) फ्लोराइडच्या पेस्टचा. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मुळाच्या किडीसाठी तिलाच पहिली पसंती आहे. फ्लोराइड व्हार्निश आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (किडीवर लावायचं चांदी आणि फ्लोराइडचं द्रावण) हे पर्याय तिच्यानंतर येतात. आपल्याकडच्या रोजच्या पेस्टमध्ये फ्लोराइडची कायदेशीर मर्यादा १००० पीपीएम आहे. ५००० ची पेस्ट आमच्या मेडिकलवाल्याकडं नेहमी नसते. आणि जी बाई आयुष्यभर बोटानं मिश्री घासत आली, तिच्या हाती एकदम ती देणं मला व्यवहार्य वाटलं नाही. म्हणून साधी फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि सुळ्यावर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. या द्रावणात फ्लोराइड सुमारे ४४,८०० पीपीएम असतं. किडलेली जागा कायमची काळी पडते, ते आधी सांगावंच लागतं. बोटाला किंवा ओठाला लागलं तर काही दिवस डाग राहतो. आजी हसल्या: "मिश्रीनी काळं व्हयनं तव्हय कोनी काय म्हनं नही." सुळा बोलताना थोडा दिसतो, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. सुनेला होतं, ती जरा नाराज दिसली.

बाकी तीन जागांसाठी ग्लास आयोनोमर, म्हणजे आमच्या भाषेत सिमेंट. १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधलेला हा पदार्थ दिसायला तितका सुबक नाही, झिजतो आणि ठिसूळही असतो. पण तो डेंटिनमधल्या कॅल्शियमला रासायनिक पद्धतीनं धरतो आणि थोड्या ओलीतही त्याची पकड येते. फ्लोराइडही सोडतो, पहिल्या काही दिवसांत भरपूर आणि मग कमी कमी. पेस्टमधलं फ्लोराइड तो परत शोषून घेतो, म्हणून घासणं चालू असेल तरच हा गुण टिकतो. मी त्याचा रेझिन मिसळलेला, लाइटनं कडक होणारा प्रकार घेतला. कोरड्या तोंडात साधं सिमेंट स्वतःच वाळून तडकतं. रेझिनवाला प्रकार ते जास्त सोसतो.

मे महिन्यात हे काम करणं म्हणजे वेगळीच कसरत. आमच्याकडं बाहेर ४४-४५ अंश, एसी असला तरी वीज कधी जाईल याचा नेम नाही. पूड आणि द्राव काचेवर मिसळायला घेतला की उष्णतेनं तो नेहमीपेक्षा कितीतरी लवकर आवळतो. चकाकी गेली की तो डेंटिनला धरत नाही, आणि तरीही घाईत तसाच भरला जातो. म्हणून काचेची पाटी फ्रीजमध्ये ठेवतो आणि वापरण्याआधी कोरडी पुसतो, कारण तिच्यावर दव साचलं तर द्राव पातळ होतो. हे पुस्तकातही आहे, पण जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात एकदा केलं की कायमचं लक्षात राहतं.

कीड काढताना कडांना कठीण डेंटिन लागेपर्यंत गेलो. तळाशी नसेजवळ थोडा चामड्यासारखा थर मुद्दाम ठेवला. या वयात नसेची पोकळी आकसलेली असते, पण मुळाची जाडीही कमी असते. सगळंच खरवडायला गेलं तर नस उघडी पडते किंवा दाताची मान अशक्त होते. हिरडीतलं रक्त थांबवायला दोरा आणि औषध. पॉलिअक्रिलिक आम्लानं दहा सेकंद पुसून धुतलं, भरलं, लाइट मारला, वर संरक्षक लेप दिला. मागच्या उपदाढेचं काम शेवटी केलं, आणि कवळीची तार वाकवून भरावाच्या वर, इनॅमलवर नेली. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात उपयोगी काम तारेचं ते वाकवणं होतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

मुलाला दिलेलं उत्तर

किती टिकेल, या प्रश्नाला मी त्याला टक्केवारीत उत्तर दिलं, कारण तो कापसाच्या दरांत टक्के मोजणारा माणूस आहे. हाँगकाँगमधल्या वृद्धांच्या मुळावरच्या भरावांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरानं नेहमीच्या पद्धतीनं केलेले सुमारे ९२ टक्के आणि फक्त हातहत्यारांनी केलेले सुमारे ८७ टक्के भराव टिकून होते. हातहत्यारांची ही पद्धत टांझानियात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात विकसित झाली. वीज नसलेल्या ठिकाणी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन ती वापरता येते. आयर्लंडमधल्या कॉर्क इथं ज्येष्ठांवर झालेल्या तुलनेत दोन वर्षांनी हेच आकडे साधारण ९१ आणि ८५ टक्के होते.

हे आकडे चांगले आहेत, पण बोलावल्यावर तपासणीला येणाऱ्यांचे आहेत. डोक्यामानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या, लाळ जवळजवळ संपलेल्या माणसाच्या तोंडात तेच भराव वर्ष-दोन वर्षांत जातात. तंबाखूमुळे असे रुग्ण आपल्याकडं कमी नाहीत. सिमेंट झिजतं आणि विरघळतं, रेझिनच्या कडेला कीड परत लागते. दोघांच्या हरण्याच्या तऱ्हा वेगळ्या. आजी या दोन टोकांच्या मध्ये होत्या. त्यांना कुठल्या टोकाकडं न्यायचं, ते मसाल्यापेक्षा उशाखालच्या डबीवर आणि रात्रीच्या गोळीवर ठरणार होतं.

मुलाला मी म्हटलं, खडीसाखर सुटली आणि दर तीन महिन्यांनी आणलंत, तर चार-पाच वर्षं धरा, आणि त्यात एखादा मध्येच दुरुस्त करावा लागेल असंही धरा. सुटली नाही तर वर्षही नाही. त्यानं विचारलं, मग उपटून कवळी मोठी केली तर? तोही रास्त प्रश्न. खर्च जवळपास तेवढाच आला असता. पण कोरड्या तोंडात कवळी लाळेशिवाय नीट बसत नाही, घासते, जखमा होतात. शिवाय तारेला धरायला हे दातच होते. ते गेले असते तर कवळीही गेली असती.

घरी काय बदललं

अमिट्रिप्टिलिनबद्दल फिजिशियनला चिठ्ठी दिली. त्यांनी डोस कमी केला आणि साखरेची औषधंही बदलली. असली गोळी रुग्णानं स्वतःहून बंद करू नये. पायांची आग परत आली की झोप जाते, आणि मग रात्री तोंडात काही ना काही जातंच.

खडीसाखरेऐवजी उशाशी पाण्याची बाटली, घोट घोट. दिवसा साधी बडीशेप, वरून साखर चढवलेली रंगीत नव्हे. चहा दिवसात सहा-सात वेळा व्हायचा, तो जेवणाच्या वेळांशी जोडून तीनवर आणला. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी यांना हात लावला नाही. केळीबद्दल सुनेनं विचारलं होतं. आमच्याकडं केळी बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरकडं परत कुणी येणार नाही, आणि तशी गरजही नव्हती. जेवणाबरोबर खाल्लेलं केळं जेवणाबरोबरच संपतं. मुळाला मारक ठरते ती दिवसभर, रात्रभर थोडी थोडी येत राहणारी साखर. मधुमेहासाठी किती खायचं, तो हिशोब वेगळा, आणि तो फिजिशियनचा.

मिश्री सुटली नाही. सकाळची राहिली, दुपारची गेली. मिश्रीनंतर पेस्टनं घासायचं आणि खळखळून चूळ न भरता नुसतं थुंकायचं, एवढ्यावर तडजोड झाली. कवळी रात्री काढून वाटीत पाण्यात ठेवायची, ही सवय मात्र सुनेनं पक्की लावली. या प्रकरणात सगळ्यात जास्त काम त्या सुनेनं केलं. दवाखान्याच्या कागदावर तिचं नाव कुठंच नाही.

पुढचा काळ

तिसऱ्या महिन्यात हिरडीवरची सूज उतरली, पहिलं फ्लोराइड व्हार्निश लावलं. या व्हार्निशमध्ये फ्लोराइड २२,६०० पीपीएम असतं, दातावर पातळ थर देऊन सोडून द्यायचा. सहाव्या महिन्यात तिन्ही भराव जागेवर होते, सुळ्याचा डाग काळा आणि कठीण. दुसऱ्यांदा मोजलेली लाळ सव्वा मिलीलीटरच्या आसपास भरली. म्हणजे अजूनही कमीच, पण ती रेषा ओलांडलेली.

मग कपाशीची वेचणी आली, पाठोपाठ घरात लग्न. दोन खेपा चुकल्या. वर्षाच्या तपासणीला आजी दोन महिने उशिरा आल्या. तेव्हा पुढच्या उपदाढेचा भराव पृष्ठभागावर खरबरीत झाला होता, कड शाबूत होती. उजवीकडचा छान होता. मागच्या उपदाढेच्या भरावाची खालची कड एका बाजूला उडालेली. तार परत खाली सरकली होती, कारण कवळी एकदा पडून वाकली होती आणि गावातल्याच कुणीतरी पकडीनं ती सरळ केली होती. उडालेल्या जागेत कीड नव्हती, म्हणून सगळा भराव काढला नाही, कड घासून थोडं सिमेंट जोडलं. मसाला निघाला की सगळा नवा भरायचा, असा लोकांचा आणि बऱ्याच डॉक्टरांचाही समज असतो. मुळावर तर तो महागात पडतो, कारण प्रत्येक वेळी नवा भरताना दाताची मान आणखी थोडी जाते.

त्याच खेपेला उजव्या सुळ्यावर नवा मऊ डाग सापडला. खडीसाखरेची डबी परत आली होती का, ते विचारलं. आली नव्हती. लग्नाच्या महिन्यात लाडू आणि शिरा झाले होते आणि पेस्ट संपल्यावर महिनाभर कुणी आणली नव्हती. त्यावरही सिल्व्हर डायअमाइन लावलं. यावेळी सुनेनं काही म्हटलं नाही.

आता दोन वर्षं झाली. पुढच्या उपदाढेतला आणि उजवीकडचा भराव तेच आहेत. पुढच्या उपदाढेतला झिजून थोडा खोलगट झालाय, पण कड घट्ट आहे. दोन्ही सुळे काळे आणि कठीण. मुलाची दोन वर्षांची अट या दोन भरावांपुरती पुरी झाली.

मागच्या उपदाढेचं तसं नाही. बाहेरच्या बाजूची दुरुस्ती टिकून आहे, पण कीड जिभेच्या बाजूनं मुळाला वळसा घालते आहे, आणि तिथं चमचा नीट पोहोचत नाही. एक्स-रेत दाताची मान दोन्हीकडून खाल्लेली दिसते. भरत राहिलो तरी एखाद्या दिवशी बाजरीच्या कडक भाकरीवर हा दात हिरडीच्या रेषेत मोडेल, असा माझा अंदाज आहे. आणि मोडला तर भरावाला दोष देता येणार नाही. मुलापुढं दोन मार्ग ठेवले. एक, आहे तसा ठेवून दर तीन महिन्यांनी व्हार्निश आणि वाट बघणं. दुसरा, आत्ताच रूट कॅनल करून दात हिरडीच्या थोडा वर कापायचा, वरून सिमेंटचा टोप ठेवायचा आणि त्यावर बसणारी नवी कवळी करायची, म्हणजे मूळ हाडात राहतं आणि कवळीला आधार मिळतो. तारेसाठी मग पुढची उपदाढ वापरावी लागेल. तिच्यातल्या टिकलेल्या भरावाची परीक्षा तिथून सुरू होईल, म्हणून तार भरावापासून लांब ठेवायची सूचना लॅबला आधीच लिहून ठेवली आहे. आजींचं म्हणणं, मोडेपर्यंत वाट बघू. मुलगा यावेळी दुसऱ्या मार्गाच्या बाजूनं आहे, आणि ठरवणं अजून बाकी आहे.